आमच्या साडूंचा पहारा

स्वतःच्या सासऱ्यांची मेल अडवून त्यांच्याच पंगतीला जावयाच्या मानाने जेवणारा माणूस आमच्या साडूंखेरीज अख्ख्या मावळात सापडायचा नाही.

कामशेतला त्यांचा इंटरनेट पुरवायचा धंदा. लोणावळ्यापर्यंत घरोघर त्यांचीच वायर. इंजिनिअर माणूस, पण थाट नाक्यावरच्या पोलिसाचा. घरात काय येतं याच्याशी त्यांना देणंघेणं नाही, बाहेर काय जातं यावर सगळा डोळा. जेवतानाही शेजारी मोबाइल आणि त्यावर घरोघरून किती मेल सुटते त्याच्या रेघा. एखादी रेघ चढली, म्हणजे तिथे व्हायरस शिरला, की घास हातातच राहतो. मग ते त्या घरी जाऊन बसतात आणि कॉम्प्युटर साफ झाल्याशिवाय उठत नाहीत. एका चिक्कीवाल्याने तर त्यांना तेवढ्या वेळात गल्ल्यावर बसवलं होतं, आणि ते बसलेही.

अधिक महिन्यात सासऱ्यांनी आम्हा दोघा जावयांना लोणावळ्याला जेवायला बोलावलं. पानं वाढली आणि साडूंचा फोन वाजला. पवनेकडचा गुलाबवाला होता. त्याची फुलं परदेशी जातात आणि मेल त्याच्या ऑफिसातल्या स्वतःच्या यंत्रावरून.

"भाऊ, मेल सारखी माघारी येतीया. गाडी भरून हुबी हाय. तिकडनं होकार न्हाई आला तर एवढी फुलं कुटं टाकू?"

साडूंनी रेघा पाहिल्या. एकाच घरून ढिगाने मेल सुटत होत्या, आणि ते घर म्हणजे आम्ही जेवायला बसलो होतो तेच. सासऱ्यांनी पत्रिका मांडणारं काहीतरी फुकटात उतरवून घेतलं होतं. त्यातून शिरलेला व्हायरस त्यांच्या नकळत जगभर टकलावरच्या औषधाच्या जाहिराती धाडत होता. साडूंच्या सगळ्या ग्राहकांची मेल बाहेर पडते इंटरनेटवरच्या एकाच पत्त्याने. परदेशातल्या मेल कंपन्यांनी तो पत्ताच वाळीत टाकला, आणि त्यात बिचारा गुलाबवालाही गेला.

साडू भरल्या पानावरून उठले आणि त्यांनी सासऱ्यांची वायर उपसली. मग गुलाबवाल्याची मेल दुसऱ्या पत्त्याने सोडली, आणि घराघरांतून थेट बाहेर मेल टाकायची वाट कायमची बंद केली. आता मेल जायची ती नेहमीच्या मेल-सेवेत लॉगिन करून, नाहीतर साडूंच्या तपासणीतून. तासाभरात होकार आला, गाडी हलली.

"जावई असून माझ्यावर पहारा?" सासरे म्हणाले.

"सगळ्यांवरच आहे, आबा. सुरुवात घरापासून केली," साडू म्हणाले आणि खाली बसून त्यांनी अनारसे मागितले. मला हा माणूस तेव्हापासून फार आवडतो.

साडूंनी कॉम्प्युटर साफ करून वायर पुन्हा जोडून दिली, तरी सासरे काही दिवस फुगून होते. मग रोज संध्याकाळी त्यांचा फोन येऊ लागला. "जावईबापू, आज माझ्याकडून काही वावगं बाहेर गेलं का?" "नाही, आबा." पूर्वी एकमेकांशी चार शब्द न बोलणारी ही माणसं त्यानंतर अर्धा अर्धा तास बोलत बसायची.

सासरे गेले त्याला आता वर्ष होईल. घराला कुलूप आहे, पण साडूंनी तिथली वायर काढलेली नाही. परवा संध्याकाळी त्यांना ती सपाट रेघ बघताना पाहून मी म्हटलं, "आता तिथून काय जाणार?"

"काही नाही," ते म्हणाले. "पण आबांनी विचारलं तर सांगता यायला हवं."