चौथी वाटी

वीरभद्रअप्पा पाण्याचा ग्लाससुद्धा आधी नाकाशी नेत आणि मगच ओठाला लावत. साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत, प्रयोगशाळेत आम्ही दोघं. ते वरिष्ठ, मी हाताखाली. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती आणि दिवसभर समोर स्पिरिटचे नमुने. घोट तोंडात फिरवायचा आणि थुंकून टाकायचा. उभ्या आयुष्यात त्यांनी एक थेंब घशाखाली उतरू दिला नाही. पण टाकीत काही बिघडलं तर यंत्राच्या आधी अप्पांच्या नाकाला कळायचं.

नव्या माणसाला ते एका ठरलेल्या डावात पकडत. पुढ्यात चार ग्लास ठेवायचे, त्यातल्या दोनांत एकच माल. पहिल्याच आठवड्यात मला त्या दोन ग्लासांत चांगले तीन फरक सापडले होते. अप्पा चिडले नाहीत. "न्हाई कळलं तर न्हाई कळलं म्हणावं बे. नाक खोटं बोलत न्हाई, माणूस बोलतो."

निवृत्तीनंतर ते चौसाळ्यात एकटेच राहत. बायको गेलेली. एकुलती एक महानंदा बापाचं नाक घेऊन जन्मलेली. ती जपानात, साके म्हणजे तांदळाची दारू करणाऱ्या एका कारखान्यात. दोन वर्षांपूर्वी अप्पांना ताप आला आणि जाताना नाकातला वासच घेऊन गेला. मला ते कळलं तेव्हा अंगावर काटा आला होता. मी नेकनूरहून सहज भेटायला गेलो, तर दारातच गॅसचा भपकारा, आणि अप्पा स्वयंपाकघरापासून दोन पावलांवर निवांत पेपर वाचत बसलेले. मी धावत जाऊन बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या.

"महानंदाला सांगशील तर माझ्या दारात येऊ नको," ते म्हणाले. "ती सारं सोडून येईल. आईच्या टायमाला आलती तशी. तवा एक नोकरी गेली तिची."

मी शब्द दिला आणि जिवाला घोर लावून घेतला. रोज सकाळी फोन करायचो, "अप्पा, बटण बघितलं का?" एकदा त्यांनी फोन उचलला नाही. स्कूटर काढून मी चौसाळा गाठलं, तर स्वारी पारावर गप्पा मारत बसलेली. वर मलाच शिव्या.

मग दिवाळीत महानंदा आली, ती तीन बाटल्या घेऊनच. तिला तिकडे चव पारखणाऱ्याच्या जागेसाठी परीक्षा द्यायची होती. त्याचा सराव ती फोनवर अप्पांना चव सांगून करायची. तिने मलाही बोलावून घेतलं. आत जाऊन ओतलं आणि चार पांढऱ्या वाट्या आमच्यापुढे मांडल्या. साके किती नितळ आहे ते दिसावं म्हणून प्रत्येकीच्या तळाशी निळी वर्तुळं.

"आधी तुझं सांग," अप्पा सवयीने म्हणाले.

"न्हाई अप्पा. फोनवर लई झालं. आज तुमी आधी."

मी आपला घाईने वाट्या नाकाशी नेऊ लागलो. पहिलीला पिकल्या खरबुजाचा वास. दुसरीला नुकत्याच उतरवलेल्या भाताचा, आणि मागे किंचित ताक. तिसरी पिवळसर, जुनी. गूळ आणि मनुका. चौथी नाकाशी नेली आणि तिथेच धरून राहिलो. पुन्हा तोच भात, तेच ताक. पोरीने बापाचा डाव बापावरच टाकला होता, आणि मोठ्या कौतुकाने हसत बसली होती.

मी खोकलो. अप्पांनी माझ्याकडे पाहिलं नाही. चारही वाट्या सावकाश घेतल्या, थुंकले, तोंड पुसलं.

"दुसरीपेक्षा चौथी मऊ हाय," ते म्हणाले. "गोडी बी जास्त."

महानंदाचं हसू मावळलं. तिने माझ्याकडे पाहिलं, मी फरशीकडे. आता ही रडणार, तिकीट रद्द करणार, असं मला वाटलं.

"बरोबर हाय, अप्पा," ती म्हणाली आणि वाट्या उचलून आत गेली. आत नळ बराच वेळ चालू होता.

दुसऱ्या दिवशी तिने बीडहून विजेची शेगडी आणली. "सिलिंडर उचलायला तुमची कंबर साथ देत न्हाई," एवढंच बोलली आणि सिलिंडर माझ्या स्कूटरला बांधून दिला. ठरल्या दिवशी ती परत गेली.

तिला गाडीत बसवून आम्ही घरी आलो. अप्पा शेगडीकडे बघत म्हणाले, "तीन बाटल्या, चार वाट्या. बघताक्षणी कळलं व्हतं, माझाच डाव हाय. कोणत्या दोन, तेवढं कळंना."

"मग न्हाई कळलं म्हणायचं होतं."

"तोंडातून निघंना बे. जलमभर दुसऱ्यांना सांगितलं." त्यांनी शेगडीवरून हात फिरवला. "आन् ती बी खोटं बोलली. चवीच्या बाबतीत पहिल्यांदाच. माझ्यासाठी." त्यांचे डोळे भरून आले होते. माझेही.

मग त्यांनी पहिल्या बाटलीतली उरलेली साके मला वाटीत ओतायला लावली. वाटी माझ्याच नाकाशी धरायला सांगितली.

"खरबूज," मी म्हणालो.

"कच्चं का पिकलेलं?"

"पिकलेलं. नदीच्या वाळूतलं, नुकतं चिरलेलं."

अप्पांनी डोळे मिटले. मी पुढचं सांगू लागलो, तसा त्यांनी हात वर केला.

"थांब जरा," ते म्हणाले. "वास येऊ दे मला."