आर्डिसची अकरा पन्नास

माझ्या बायकोला, आर्डिसला, वेळेआधी पोचणाऱ्या माणसांचा भयंकर राग आहे. उशिरा येणाऱ्यांना ती एक वेळ माफ करते. एकोणीस वर्षं ती आमच्या गावच्या शाळेची नऊ नंबरची बस चालवतेय. तिचं म्हणणं असं की बस उशिरा आली तर पोरं नुसती कुरकुरतात, पण दोन मिनिटं लवकर आली तर धावत येणारं पोर रस्त्यावरच राहतं. त्यामुळे मक्याच्या शेतांमधून ती बस अशी हाकते की लोक तिच्याकडे बघून घड्याळ लावतात. अशा बाईच्या हातात माझी ती शर्यतीची गाडी कोण देईल? मी दिली नव्हतीच. तिनं घेतली.

ती गाडी म्हणजे कंपनीनं अडुसष्ट साली फक्त पाव मैलाच्या शर्यतीसाठी बांधलेल्या मोजक्या गाड्यांपैकी एक. मागची सीट नाही, हीटर नाही, रेडिओ नाही. दारांचा पत्रा ॲसिडमध्ये बुडवून इतका पातळ केलेला की अंगठा दाबला तर खळगा पडतो. काच वर घ्यायला हँडलसुद्धा नाही, पट्टा ओढायचा. आत चिकटवलेल्या कागदावर स्वच्छ छापलंय की ही रस्त्यावर चालवायची नाही आणि हिची कसलीही हमी नाही. मी ती घरी आणली तेव्हा आर्डिसनं आत डोकं घालून पाहिलं आणि विचारलं, "उरलेली गाडी कधी येणार?"

सहा वर्षं मी ती रविवारी रविवारी पळवली आणि सहा वर्षं हरलो. ओहायोतल्या आमच्या ट्रॅकवरची रीत अशी: पाव मैलाला आपल्याला किती सेकंद लागणार ते बुटाच्या पांढऱ्या पॉलिशनं काचेवर लिहायचं. दोघांच्या आकड्यांत जेवढा फरक, तेवढी संथ गाडी आधी सुटते. आणि लिहिल्यापेक्षा लवकर पोचलात तर बाद. मी कधी लवकर पोचून बाद व्हायचो, कधी गिअर चुकवून मागे राहायचो. शेजारी दुसरी गाडी दिसली की माझ्या अंगातच येतं. शेवटी गेल्या सप्टेंबरात वैतागून टोलीडोच्या हानेमनला गाडी विकायचं कबूल केलं. तो रविवारी ट्रेलर घेऊन ट्रॅकवरच येणार होता.

शनिवारी जेवताना आर्डिस म्हणाली, "उद्या मी चालवणार."

"तू? कशासाठी?"

"सहा वर्षं तुझी सँडविचं सांभाळत त्या फळीवर बसलेय, लोवेल. तो आवाज दर रविवारी माझ्या पोटात घुसतो. मला तो आतून ऐकायचाय. जिंकले तर गाडी विकायची नाही. ती माझी."

मी हसलो आणि हो म्हणालो. मला वाटलं, पहिल्याच फेरीत हरून घरी येईल.

तिनं काचेवर अकरा पन्नास लिहिलं, म्हणजे साडेअकरा सेकंद. मी कळवळून म्हणालो, "अगं, ही अकरापर्यंत जाते. एवढा अर्धा सेकंद का फुकट घालवतेस?"

"मला कुठं लवकर पोचायचंय?"

पहिल्या फेरीत अकरा बावन्न. दुसरीत अकरा एक्कावन्न. तिसरीत पुन्हा बावन्न. समोरचे एकेक गडी तिला मागून येताना बघून बिथरत, पाय दाबत आणि लवकर पोचून बाद होत. ट्रेलरच्या साखळ्या काढून बसलेला हानेमन चौथा हॉटडॉग खायचा विसरला.

शेवटच्या फेरीला मर्ल टिबेट्स होता. बंद पडलेल्या गाड्या ओढून नेण्याचा त्याचा धंदा आणि जीभ चालवण्याचा छंद. "काय वहिनी, मधे स्टॉपवर थांबणार का?"

"तू रस्त्यात बंद पडलेला दिसलास तर थांबेन हो."

मर्लच्या काचेवर बारा वीस होतं, म्हणजे तो आधी सुटणार होता. शेजारी आर्डिसचं इंजिन गुरगुरत होतं. ते ऐकून की वहिनीचं उत्तर झोंबून कोण जाणे, पण हिरवा दिवा लागायच्या आधीच तो निघाला. त्याच्या बाजूला लाल दिवा लागला. आता जो आपल्या हिरव्या दिव्याआधी निघतो तो तिथल्या तिथं बाद होतो, आणि दुसऱ्यानं मग कितीही सेकंदांत पोचावं, त्याला कोणी विचारत नाही.

आर्डिसची मान त्या लाल दिव्याकडे वळलेली मी कुंपणावरून पाहिली. तिचा स्वतःचा हिरवा दिवा लागायला अजून अर्धा-पाऊण सेकंद होता.

मग गाडीचं तोंड आभाळाकडे उठलं. असला आवाज मी सहा वर्षांत काढू शकलो नव्हतो. दुसरा गिअर, तिसरा, चौथा, कुठं खट्ट नाही, कुठं अडखळणं नाही, आणि माझी बायको मक्याच्या शेतांकडे उडत निघाली होती. फलकावर आकडा आला: दहा चौसष्ट. लोक बाकांवर चढले. मी, गुडघे दुखणारा बावन्न वर्षांचा माणूस, हानेमनच्या गळ्यात पडून नाचलो. आणि तोही नाचला, बिचारा, ठरलेली गाडी हातची गेलेली असताना.

ती परत आली ती पट्टा सोडून काच खाली घेत, आणि हसू तिला आवरत नव्हतं. सहा वर्षांत माझा सगळ्यात चांगला वेळ अकरा शून्य दोन होता, हे तिला पाठ होतं. तिनं वेळेची चिठ्ठी माझ्या हातात ठेवली.

"लोवेल, तू किती कार्ब्युरेटर बदललेस रे?"

"चार."

"आणि टायर?"

"मोजले नाहीत."

"बदलायचा होता ड्रायव्हर," ती म्हणाली. "सरक, मला अजून एकदा जायचंय."