विल्फीची नवी कोरी पिकअप

जुमेरा लेक टॉवर्समधल्या आमच्या ऑफिसच्या पॅन्ट्रीत मायक्रोवेव्ह एकच आणि डबे गरम करणारे वीसेक. रांगेत उभं राहून माणूस काय करणार? बोलणार! तिथे इतके किस्से कानावर पडतात की नवरा विचारतो, "तू ऑफिसात जेवतेस की नुसतं ऐकतेस?" निम्मे किस्से विल्फीचे. विल्फी म्हणजे विल्फ्रेड, मूळचा वसईचा, आमचा ॲडमिन. एसी गळला, बल्ब गेला, कुणाचा निरोप समारंभ आला, की "विल्फी कुठंय?" गेल्या वर्षभरातले त्याचे सगळे किस्से एकाच गाडीचे. तेव्हा आम्ही पोट धरून हसलो. आता सांगताना तोंड कडू होतं, पण सांगते.

*

इथून, म्हणजे आखातातून, कायमचा परत जाणारा माणूस व्हॉट्सॲप ग्रुपवर "लीव्हिंग कंट्री" असं टाकतो आणि घरातलं सगळं मातीमोल किमतीत काढतो. राहणारे लगेच टेप घेऊन त्याच्या दारात हजर! विल्फीचं अख्खं घर असंच भरलेलं. सोफा एका जाणाऱ्याचा, फ्रिज दुसऱ्याचा, पडदे तिसऱ्याचे. ते पडदे तर खिडकीला वीतभर तोकडेच होते.

आम्ही एकदा जेवायला गेलो, तेव्हा त्याची बायको जॅसिंटा म्हणाली, "या घरात नवीन आलेली फक्त मी. आणि मलाही आता वीस वर्षं झाली!"

*

विल्फीला गळ टाकायचं वेड. शनिवारी पहाटे आइसबॉक्स घेऊन स्वारी खोरफक्कानच्या किनाऱ्याला. गाडी अर्थातच कुणा जाणाऱ्याची, आणि तिला बांगड्यांचा कायमचा वास.

एकदा ऑफिसचा ड्रायव्हर आजारी पडला, म्हणून लंडनच्या पाहुण्याला एअरपोर्टवरून आणायला विल्फी गेला. पाहुणा आला तो काच खाली करून, डोकं बाहेर काढून! साहेबांनी विचारलं, "हाऊ वॉज द राइड?"

पाहुणा म्हणाला, "आय थिंक वी केम बाय सी."

त्या दिवशी विल्फीने ठरवलं. मासे मागे उघड्यावर, माणसं पुढे. पिकअप घ्यायची! आणि या वेळी कुणा जाणाऱ्याची नाही. शोरूमची, नवी कोरी. "सीटवरचं प्लास्टिक मी माझ्या हाताने फाडणार," तो म्हणाला. आयुष्यात एकदा तरी त्याला ते करायचं होतं.

*

घरी मात्र फटाके फुटले. जॅसिंटा म्हणाली, "आपल्या टॉवरचा गार्ड पिकअप दिसली की मागच्या सर्व्हिस गेटला पाठवतो. लोक आपल्याला प्लंबर समजतील!"

शाळेत जाणारी लेक रिया मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली, "डॅड, फाइन, बट ड्रॉप मी ॲट द कॉर्नर. नॉट ॲट द स्कूल गेट."

विल्फी हे हसत हसत सांगत होता. मला राग आला. जिच्या फीसाठी हा माणूस इतकी वर्षं दुसऱ्यांच्या सोफ्यावर बसला, तिने असं बोलावं?

"पांढरी घेतली तर कंपनीची वाटेल," विल्फी म्हणाला. "म्हणून निळी घेतोय. पुढच्या गेटने येणार मी. गार्ड सलाम ठोकेल, बघाच तुम्ही!"

*

शोरूमला सोबत सलीम पारकर गेला. सलीम रत्नागिरीचा, आमच्या पर्चेसमध्ये. सेल्समन एकेक धूड दाखवू लागला. "हबीबी, इसमें ऊंट भी आएगा!"

"मेरे को सुरमई लाने का है," विल्फी म्हणाला आणि सगळ्यात छोट्या हायब्रिडपाशी जाऊन उभा राहिला. टॉवरच्या बेसमेंटमध्ये तेवढीच मावणार होती.

तो मनात दिरहमचे रुपये करतोय हे सलीमने ओळखलं. "गुणाकार करू नकोस! गुणाकार केलास तर इथे पाणीसुद्धा घशाखाली उतरायचं नाही."

दुसऱ्या दिवशी रांगेत विल्फी आम्हाला हायब्रिड समजावत होता. "ब्रेक मारला की बॅटरी आपोआप चार्ज होते."

"मग साहेबांना बसव आत," सलीम म्हणाला. "दिवसभर ब्रेकच मारत असतात."

*

निळी स्टॉकमध्ये नव्हती. ऑर्डर दिली, ॲडव्हान्स भरला. सेल्समन म्हणाला, "तीन महीने में, इन्शाल्ला."

बाहेर पडल्यावर सलीम म्हणाला, "सहा धर."

"अरे, तो इन्शाल्ला म्हणाला ना?"

"मी पाच वेळा नमाज पढतो, विल्फी. अल्लाचा इन्शाल्ला मला कळतो. हा शोरूमचा होता!"

सहाच लागले.

*

ऑफिसात निरोपाचे केक मागवायचं काम विल्फीचं. कुणाला चॉकलेट आवडतं, कुणाला अंड्याशिवायचा लागतो, त्याला तोंडपाठ. एका गुरुवारी एचआरचा फोन आला, "सोमवारसाठी एक फेअरवेल केक सांगून ठेव."

"नाव काय लिहायचं?"

"नाव सोमवारी कळवतो."

विल्फीने बिचाऱ्या जाणाऱ्यासाठी मुद्दाम मोठा केक सांगितला, ताज्या आंब्याचा.

सोमवारी सकाळी नाव कळलं. साहेबांनी स्वतः विल्फीला केबिनमध्ये बोलावून सांगितलं. रीस्ट्रक्चरिंग म्हणे! दुपारी टाळ्या वाजवून तोच केक त्याच्याकडून कापून घेतला. मीही टाळ्या वाजवल्या. केक फार चांगला होता.

*

इथे नोकरी गेली की व्हिसा जातो आणि व्हिसा गेला की बिऱ्हाड. त्याच आठवड्यात शोरूमचा अभिनंदनाचा फोन आला, "मबरूक! युवर पिकअप हॅज अराइव्ह्ड."

सलीम म्हणाला, "मी घेतो ती तुझ्याकडून."

"घे. पण पहिली फेरी माझी."

पहिल्या फेरीला सलीम शेजारी बसला होता, म्हणून हे मला कळलं. सीटवरचं प्लास्टिक विल्फीने फाडलं नव्हतं. "तू फाड," तो सलीमला म्हणाला. दोघांनी अल क्वोजला कार्गोवाल्याकडून सामान बांधायला रिकामे खोके घेतले, मागे रचले आणि पिकअप विल्फीच्या टॉवरच्या पुढच्या गेटला आणली. नवी कोरी, निळी, चकचकीत.

गार्ड नवा होता. त्याने हात आडवा केला. "मूव्हर्स पीछे से. सर्व्हिस गेट."

सलीम तोंड उघडणार, तेवढ्यात विल्फीने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"किसका घर खाली हो रहा है?" गार्डने विचारलं.

"ग्यारहवां माला," विल्फीने स्वतःचाच मजला सांगितला.

गार्ड खिडकीशी वाकला, आवाज खाली आणून म्हणाला, "भाई, उनसे ज़रा पूछना ना, फ्रिज बेच रहे हैं क्या?"

विल्फीने गाडी रिव्हर्सला टाकली. "पूछके बताता हूं," तो म्हणाला आणि मागच्या गेटकडे वळला.