सहा पायांचा घोडा

मी आयुष्यात एकदाच घासाघीस न करता काम सांगितलं. त्या कामाखाली आज आमच्या घरचे कांदे वाळतात.

राजापेठेत माझा कारखाना आहे. कारखाना म्हणजे टिनाची शेड, भाता, ऐरण आणि मी. कापसाची सरकी काढणाऱ्या जिनांच्या यंत्रांचे मोडके भाग दुरुस्त करून देतो. बाप तिवशाकडे वांगी-मिरच्या पिकवायचा आणि बाजारात टोपली मांडून बसायचा. त्याच्या शेजारी बसून मी चालण्याच्या आधी घासाघीस शिकलो. त्यामुळे समोरच्यानं काहीही सांगितलं, की त्यातला तिसरा हिस्सा माझं तोंड आपोआप कमी करतं. (वैद्यानं तीन पुड्या काढल्या तरी मी म्हणतो, दोनात भागवा.)

त्या वर्षी अकोल्याच्या एका बंद पडलेल्या जिनातून मी लोखंडाला भोकं पाडायची मशीन आणली. बाजूचं चाक हातानं फिरवायचं, की वरचा सुळा खाली उतरतो आणि भोक पडतं. वजन असं, की स्टेशनावरून आणताना बंडीचे बैल वाटेत दोनदा बसले. ती ठेवायला मजबूत लाकडी घोडा हवा होता, आणि तोही दसऱ्याच्या आत. कारण बडनेऱ्याच्या एका जिनवाल्या शेटजींनी सांगून ठेवलं होतं, "दसऱ्याला सकाळी येतो. मशीन चालताना पाहीन, मग हंगामाचं सगळं काम तुम्हाला." हे काम हातचं गेलं, तर वर्षभर विळे-खुरपी ठोकत बसायचं होतं.

मजबूत लाकूडकाम म्हटलं की मला माझे मेहुणे आठवतात. विठ्ठलराव, बायकोचे थोरले भाऊ, अकोल्याला कापसाची दलाली करतात. त्यांच्या मुलीच्या लग्नात मी बाकं करवून पाठवली होती. नवरदेवाचे मामा बाकावर बसले आणि बाकासकट जमिनीवर आले. झालं ते झालं. पण विठ्ठलराव भर पंगतीत मामांना म्हणाले, "दोन लाडू जास्त घ्या मामासाहेब. आमच्या जवायानं खिळ्यायतही घासाघीस केली, त्याची भरपाई समजा." अख्खी पंगत हसली. तेव्हापासून मी त्यांच्या घरचा लाडू खाल्लेला नाही. (त्यांनी दिलेलाही नाही.)

म्हणून या घोड्याच्या बाबतीत मी शपथच घेतली. मिस्त्री जे सांगेल ते मंजूर.

बाकं करणारा गणपत मिस्त्रीच आला. मशीनभोवती फिरून म्हणाला, "भाऊ, सहा पाय लागतीन."

"लाव."

त्यानं माझ्याकडे निरखून पाहिलं. "पाय मांडीएवढे जाड."

"कर."

"उंची तुमच्या गळ्यापावतर. लाकूड सागाचं."

"चालते."

"भाऊ, तब्येत बरी हाय ना?"

"काहून? तुले काम सांगून राहिलो, तं माही नाडी पाहून राहिला?"

मिस्त्री गेला. जाताना दोनदा मागं वळून पाहिलं त्यानं. मला वाटलं, बिचारा भारावला.

खंडेनवमीच्या सकाळी मिस्त्रीबरोबर घोडा आला. त्याला पाहून वाटेतली गाय बाजूला झाली. हमालांनी कप्पी लावून मशीन वर चढवली, हात झटकले आणि पूजेसाठी आपापल्या घरी गेले. बायको हळद-कुंकू घेऊन आली, वर पाहिलं आणि मशीनऐवजी घोड्याच्या पायालाच कुंकू लावून मोकळी झाली.

मी चाक फिरवायला हात वर केला. चाक आणखी वर होतं. उडी मारली. चाकाला बोटं लागली, तेवढंच.

"मिस्त्री, हे काय करून ठेवलं?"

"तुमी सांगतलं ते."

"तू सांगितलंस!"

"भाऊ," मिस्त्री शांतपणे म्हणाला, "मी सहा पाय सांगतो तवा तुमी चारावर आणता. गळा सांगतो तवा कमरेवर आणता. तुमच्यासाठी मी सगळं वाढवूनच सांगतो. या खेपी तुमी तोडलंच नाही."

"मग विचारायचं होतं."

"इचारलं ना. तब्येत बरी हाय का म्हून."

"आत्ताच्या आत्ता पाय काप."

"करवत पूजेत मांडली हाय. आज हत्याराले हात लावत नसतात."

बायको खालून आरपार फिरून आली. "राहू द्या वरच. खाली माह्ये कांदे वाळतीन."

शेटजी सकाळी येणार होते. उभं राहायला काहीतरी हवं होतं. मिस्त्रीच्या घरी दोन तयार स्टुलं होती, एक चार पायांचं, एक तीन पायांचं.

"चार पायांचं न्या भाऊ. आज खरं सांगून राहिलो."

पण मी एकदा फसलो होतो. दुसऱ्यांदा फसायला मी काही दलाल नव्हे. तीन पायांचं उचललं.

दसऱ्याला शेटजी आले. मागोमाग, कुणी बोलावलं नसताना, विठ्ठलराव आले. मी स्टुलावर चढलो, चाक फिरवलं. लोखंडाच्या पट्टीला स्वच्छ गोल भोक पडलं. मान वळवून मेहुण्यांकडे पाहावं म्हणून मी जरा डावीकडे झुकलो. डावीकडे पाय नव्हता. स्टूल गेलं आणि मी चाकाला धरून लोंबकळत राहिलो.

शेटजींनी माझ्याकडे पाहिलं नाही. घोड्याच्या पायांकडे पाहिलं. "एवढा माणूस लटकला, पण घोडा हलला नाही," ते म्हणाले. "काम तुमचं."

विठ्ठलरावांनी मला खाली उतरवलं. आडव्या पडलेल्या स्टुलाचे पाय मोजले. मग माझ्या हातावर सोनं ठेवलं, आपट्याचं एकच पान.

"दोन आणली होती जवाईबुवा. पण तुमी एकावर आणलंच असतं."

यावर झणझणीत उत्तर द्यायला मी तोंड उघडलं, आणि तोंड सवयीनं म्हणालं, "अर्ध्यात भागवा."