फाटकाजवळचे चाळीस फूट

भुजंगचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. वय बासष्ट झालं तरी त्यात फरक पडला नव्हता. बायको केवळाबाई दोन भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधून द्यायची. पहार, फावडं सायकलला बांधून तो उजाडायच्या आत कामावर हजर असायचा. उन्हं चढल्यावर सुरू केलेलं काम त्याच्या लेखी कामच नव्हतं.

त्या हिवाळ्यात त्याला रेणुकादास सरांच्या कोठीवर काम लागलं. सर नांदेडच्या कॉलेजातून निवृत्त झालेले. कोठी त्यांच्या आजोबांनी निजामाच्या काळात कंधारच्या रस्त्याला, शेतातच बांधलेली. चुन्यात बांधलेल्या जाड दगडी भिंती, पुढं सागवानी खांबांचा ओसरा. फाटकापासून पायरीपर्यंत मात्र दीडशे फूट नुसती काळी माती. जरा भुरभुर झाली की गाडी रुतायची. येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येच्या सणाला, शेतात जेवायला तीस पाहुणे यायचे होते, त्याआधी वाट पक्की हवी होती.

सरांची सून मालविका मोबाईलवर चित्रं दाखवत होती. "काँक्रीट ओतू ना. दोन दिवसांत मोकळं."

"ओता की," भुजंग म्हणाला. "सगळं पाणी मग भिंतीकडं जाईल. चुना ओल पितो, ताई. कोठी बुडातून भिजंल."

"मग हे रंगीत ब्लॉक?"

"ते पेट्रोल पंपावर शोभतेत."

सर हसले. ओसऱ्यावर तूर निवडत बसलेल्या त्यांच्या पत्नी गोदावरीबाई म्हणाल्या, "माझ्या दारात पंप नको. भुजंगराव, तुमच्या मनात काय आहे ते सांगा."

भुजंगनं सांगितलं. काळी माती दीड हात उपसायची. तळाला मोठे दगड, वर मुरूम, प्रत्येक थर पाणी मारून धुम्मसनं ठोकून घट्ट करायचा. वर घडीव काळा दगड, सांध्यात दगडाची बारीक कच. पाणी जागच्या जागी मुरतं आणि दगड कोठीला शोभतो. माती तशीच ठेवली तर उन्हाळ्यात ती भेगाळते, पावसाळ्यात फुगते आणि वर जे असेल ते उचलून टाकते.

"किती दिवस लागतील?" सरांनी विचारलं.

"पंचवीस."

"येळवस बावीस दिवसांवर आहे."

भुजंगनं क्षणभर वाटेकडं पाहिलं. "करतो," म्हणाला.

शंकरप्पा आणि वीरेश हे त्याचे जुने जोडीदार सोबतीला होते. शंकरप्पा घाम पुसत म्हणायचा, "वाट करून राहिलो का विहीर, काही कळंना."

"विहीर असती तर तुला आत सोडून वर आलो असतो," भुजंग म्हणायचा.

पायरीकडून एकशे दहा फूट काम त्यांनी जसं हवं तसं केलं. येळवशीला दोन दिवस उरले आणि दोघे आपापल्या रानात पूजेसाठी कडब्याची कोप, लहानशी खोपटी, उभी करायला गेले. त्या दिवसांत आमच्याकडं कुणी दुसऱ्याच्या कामावर जात नाही आणि कुणी बोलावतही नाही. फाटकाजवळचे चाळीस फूट तसेच राहिले. भुजंग एकटा. त्यानं वीतभर माती खरवडली, मुरूम पसरला आणि वर दगड बसवले. वरून सगळं एकसारखं दिसत होतं.

येळवशीला गाड्या थेट पायरीपर्यंत आल्या. सर पाहुण्यांना म्हणाले, "भुजंगरावांनी शब्द पाळला." त्यांनी मजुरी सगळ्यांदेखत हातात दिली. गोदावरीबाईंनी अंबिलीचा तांब्या पुढं केला. तो त्याला संपवता आला नाही.

श्रावणात सरांचा फोन आला. भुजंग गेला. एकशे दहा फूट तळहातासारखे सपाट होते. फाटकाजवळ दगड तिरपे होऊन वर आले होते. गोदावरीबाई तिथंच ठेचकाळून पडल्या होत्या. उजवं मनगट प्लास्टरमध्ये होतं.

"काळ्या मातीपुढं कुणाचं चालतं," सर म्हणाले. "तुमचा दोष नाही."

तिथं गप्प राहिला असता तरी कुणाला कळलं नसतं.

"माती काय करंल, सर. हितं मी ती उपसलीच न्हाई," भुजंग म्हणाला. "दिवस पुरले न्हाईत. वरच्यावर दगड बसवले."

गोदावरीबाई म्हणाल्या, "तेव्हाच सांगायचं होतं, भुजंगराव. पाहुणे फाटकाशी उतरून चालत आले असते. चाळीस फुटांचं काय एवढं."

"माती वाळू द्या, मग उकरून परत भरतो," भुजंग म्हणाला.

दसऱ्यानंतर माती वाळली. भुजंगनं दोघा जोडीदारांना घेऊन ते चाळीस फूट उकरले आणि दीड हात खोल पुन्हा भरले. बारा दिवस गेले. सरांनी पैसे पुढं केले, त्यानं घेतले नाहीत. गोदावरीबाईंचं मनगट पुरतं वळत नव्हतं. चहाचा कप त्यांनी डाव्या हातानं दिला. पुढच्या येळवशीच्या आमंत्रणाचा विषय कुणी काढला नाही.

हिवाळ्यात कोठीवर मिळालेली त्याची सगळी मजुरी या चाळीस फुटांच्या दगड-मुरुमाच्या सात ट्रॉल्यांत आणि शंकरप्पा-वीरेशच्या रोजात गेली.