दोन बाटल्या आणि आमचे जर्मनवाले

“चार पॉइंट आठ.” डॉक्टरीणबाईंनी आधी कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “बाई, तुम्ही इथवर आलात कशा?”

“शाळेतून चालत आले,” मी म्हटलं.

“चालत?” त्यांनी पेन खाली ठेवलं. “आता इथून चालत कुठंही जायचं नाही.”

चार पॉइंट आठ हे माझं हिमोग्लोबिन. रक्तातला लाल पदार्थ, जो श्वासातला प्राणवायू अंगभर पोचवतो. बाईमाणसाचं ते बाराच्या आसपास असावं लागतं. गर्भाशयात फायब्रॉइड होतं, म्हणजे मांसाची गाठ. कॅन्सर नव्हता, पण त्या गाठीपायी दर महिन्याला दहा-दहा, बारा-बारा दिवस अंगावरून जायचं. ऑपरेशन करून गर्भपिशवी काढायची आणि त्याआधी निदान दोन बाटल्या रक्त चढवायचं, असं ठरलं. “रक्त मिळाल्याशिवाय मी सुरी हातात घेणार नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “आणि फार दिवस घालवलेत तर मला सुरी घ्यायची वेळच येणार नाही.”

ही पंचाहत्तर-शहात्तरची गोष्ट. मी तेव्हा एकेचाळीस वर्षांची, नंदनवन वस्तीत राहणारी, प्राथमिक शाळेतली मास्तरीण. आज ज्या बाया पदर खोचून ‘होईल आपोआप बरं’ म्हणत फिरताहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. दीड वर्ष मीही तेच म्हणत होते. पोरांना आरोग्याचे धडे शिकवायचे आणि स्वतः फळ्याला हात टेकून उभं राहायचं! मूर्खपणा, दुसरं काय.

त्यातलं पहिलं वर्ष घरचा माणूस पश्चिम जर्मनीत होता. यांच्या मिलनं नवी यंत्रं मागवली होती, ती शिकायला मेकॅनिक म्हणून यांना पाठवलं होतं. मी पत्रात लिहायची, मुलं बरी, आत्याबाई बऱ्या, मीही मजेत. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांना माझं दुखणं ठाऊक होतं. “बाईच्या जातीले हे लागलंच राहते वं,” म्हणून त्या गूळ-शेंगदाणे पुढे करायच्या. परदेशातल्या माणसाच्या जिवाला घोर नको, यावर आम्हा दोघींचं एकमत होतं. सासू-सुनेचं एकमत झालं तेही नेमकं नको त्या बाबतीत, आणि हे परत आल्यावरही ते टिकलं.

हे परत आले आणि गल्लीनं यांचं नाव जर्मनवाले ठेवलं. कारण दर दोन वाक्यांनी ‘आमच्या जर्मनीत’. आमच्या जर्मनीत ट्राम मिनिटावर येते. आमच्या जर्मनीत रस्त्यावर केळ्याची साल दिसत नाही. “मंग तिकडंच राहायचं होतं, इथं काहून आले?” असं मी म्हटलं की गप्प बसायचे, पण तेवढ्यापुरतंच.

एक गोष्ट तर आम्हाला पाठ झाली होती. यांच्या तिथल्या कारखान्याच्या फाटकावर सहा महिन्यांनी एक गाडी यायची आणि कामगार रांग लावून रक्त द्यायचे. पहिल्यांदा हे संडासात लपले. दोन बोटं तुटलेल्या एका म्हाताऱ्या मुकादमानं यांना हाताला धरून रांगेत उभं केलं. एक फॉर्म भरायचा: कावीळ झाली होती का, हिवताप आला होता का. तपासायला कोणी यायचं नाही, कारण खोटं कोणी लिहीतच नाही, असं हे सांगायचे. यांनी नर्सला विचारलं, “हे रक्त कोणाला जाणार?” ती म्हणाली, “ज्याला लागेल त्याला.” इथं आल्यावर आमची पोरं सुरात ओरडायची, ‘ज्याला लागेल त्याला!’

गुरुवारी मला भरती केलं. सरकारी दवाखाना, खाटा कमी आणि बाया जास्त. काहींची गादी खाली फरशीवर. माझ्या शेजारच्या खाटेवर बुटीबोरीकडची एक बाळंतीण होती, असेल एकोणीस वर्षांची. बाळंतपणात फार रक्त गेलेलं, ओठ खडूसारखे पांढरे. तीही बाटलीचीच वाट पाहत होती. तिच्या नवऱ्याला हिवताप येऊन गेलेला, म्हणून त्याचं रक्त घेतलं नव्हतं; तो भिंतीला टेकून उभा असायचा. कोणी बस म्हटलं तरी बसायचा नाही.

त्या दिवशी मला भेटायला आमची बावीस माणसं आली. मी मोजली, दुसरा उद्योग काय होता? संत्री आली, डबे आले, अंगारा आला. बाहेर कडुनिंबाखाली आमची पंगतच बसली म्हणा ना.

रक्ताचा नियम साधा होता. नातेवाइकांनी जेवढ्या बाटल्या द्यायच्या, तेवढ्या रक्तपेढी तुमच्या गटाच्या देणार. देणाऱ्याचा गट कोणताही चालायचा. शुक्रवारी यांनी ते कडुनिंबाखाली जाऊन सांगितलं आणि अर्ध्या तासात झाडाखाली फक्त चिमण्या उरल्या. एकाला चक्कर येत होती. एकाचा शनिवार होता, तोही आदल्या दिवशीपासून. चुलत सासरे म्हणाले, “आमच्या खानदानात कोणी रक्त देल्लं नाही गा.” जणू खानदानात कोणाला लागलंही नव्हतं.

माझा धाकटा दीर वसंता मात्र तयार होता. चोवीस वर्षांचा, धडधाकट. त्याला आत्याबाईंनी अडवलं. “याचं लग्न जमून राहिलं. रक्त देल्लेला पोरगा म्हणतीन. अशक्त म्हणतीन. कोण देईन पोरगी?” माझ्या उशाशी बसून, माझ्या केसांवरून हात फिरवत त्या हे बोलल्या. माया खोटी नव्हती हो. पण तिचं मी काय करणार होते? ती बाटलीत भरता येत नव्हती.

पहिली बाटली दिली माझ्या शाळेतल्या मेश्रामबाईंनी. शुक्रवारी दुपारी आल्या, बाही वर केली, रक्त दिलं आणि शाळा सुटायच्या आत पुन्हा वर्गावर गेल्या. आभार मानायलाही थांबल्या नाहीत. उरली एक बाटली आणि ऑपरेशन सोमवारी होतं.

हे डॉक्टरीणबाईंशी भांडले. आमच्या जर्मनीत असं नसतं, तिथं माणसाला असं दारोदार फिरवत नाहीत वगैरे. बाईंनी ऐकून घेतलं. “आमच्या रक्तपेढीतला फ्रीज तिकडचाच आहे,” त्या म्हणाल्या. “आत ठेवायचं ते जहाजातून येत नाही. तीस वर्षांमागं, युद्ध संपलं तेव्हा, त्यांच्या शहरांवर छपरं नव्हती. आधी काय उभारायचं ते त्यांनी ठरवलं. आपणही ठरवलंच आहे की.” तेवढ्यात आयानं हाक मारली आणि त्या गेल्या.

मी छताकडे बघत पडले. देशात धरणं किती, पोलादाचे कारखाने किती, हे मी पंधरा वर्षं पोरांकडून घोकून घेतलं होतं आणि अभिमानानं घेतलं होतं. रक्तपेढी हा शब्द आमच्या पुस्तकात नव्हताच, आणि तो नाही हे मलाही कधी खटकलं नव्हतं.

तिथलं सगळं सोन्याचं, असंही नाही. यांची तिथली घरमालकीण आजारी पडली, तेव्हा तीन आठवड्यांत तिला भेटायला हा एकटा परका माणूस गेला. पोटचा मुलगा त्याच गावात राहत होता. ही गोष्ट यांनी गल्लीत कधी सांगितली नाही. फक्त मला सांगितली, तीही एकदाच.

शनिवारी दुपारी बाराला हे आले. कोपर दुमडलेलं, आत कापसाचा बोळा.

“देल्लं,” हे म्हणाले.

मी उठून बसले. जर्मनीहून आल्यावर गेल्या पावसाळ्यात यांना कावीळ झाली होती. डोळे हळदीसारखे. आत्याबाईंनी गळ्यात माळ बांधली होती, सगळ्या गल्लीनं पाहिलं होतं. म्हणूनच तर रक्त द्यायला यांचं नाव कोणी घेतलं नव्हतं. कावीळ झालेल्याचं रक्त दुसऱ्याला चढवलं तर त्यालाही कावीळ होऊ शकते. अशक्त माणूस त्यात जातो.

“त्यांनी कावीळ विचारली नाही?”

“विचारली.”

“मंग?”

“नाही म्हटलं.”

“तुमच्या जर्मनीत तर कोणी खोटं बोलत नाही म्हणता!”

हे खाटेच्या कडेला बसले. “तिथं खोटं बोलाची पाळीच येत नाही वं. बाटली आधीच फ्रीजमधी असते. इथं मी खरं बोललो असतो तर सोमवारी तुले काय लावलं असतं?” मग माझा हात घट्ट धरला. “डॉक्टरीणबाईले सांगू नको. तुले पोराइची शपथ.”

आत्याबाई तिथंच होत्या. त्यांनी सगळं ऐकलं आणि तोंडाला पदर लावला.

आमच्याकडे शपथ ही थट्टा नाही. ज्यानं घातली त्यानं ‘सुटली’ म्हटल्याशिवाय ती सुटत नाही. शिकलेली मास्तरीण असून सांगते, दोन्ही पोरांचे चेहरे डोळ्यांपुढे आले आणि माझी जीभ उचलेना. डॉक्टरीणबाईंचा राउंड चार वाजता. बारा ते चार असे चार तास मला आयुष्यात पुन्हा काढावे लागू नयेत. पंखा कुरकुरत होता. मला जगायचं होतं. मुलगी नववीत होती, मुलगा सहावीत. एक मन म्हणे, गप्प बस, ती बाटली कोणाला जाईल ते तुला थोडंच कळणार आहे? आणि मान वळवली की शेजारी ती बुटीबोरीची पोर. तिला दोन दिवसांचं बाळ आणि भिंतीला टेकलेला तो नवरा.

साडेतीनला नर्स येऊन तिच्या नवऱ्याला म्हणाली, “तुझ्या बायकोची सोय होऊन राहिली. तिच्या गटाची एक बाटली सकाळीच आली आहे, तपासणं चालू आहे.” त्या माणसानं तीन दिवसांत पहिल्यांदा खाली बैठक मारली.

मी यांच्याकडे पाहिलं. बोलले काहीच नाही, बोलता येत नव्हतं. हे त्या पोरीकडे बघत होते. नंतर तिच्या बाळाकडे बघितलं. चारला डॉक्टरीणबाई दारातून आत आल्या, दोन खाटा ओलांडून आमच्यापाशी पोचल्या, आणि यांच्या तोंडून हलकेच निघालं, “सुटली.”

मला बोलावं लागलंच नाही. हे स्वतःच उठून उभे राहिले. “मॅडम, मी सकाळी रक्त देल्लं. मले गेल्या वर्षी कावीळ झाली होती. खोटं बोललो.”

बाई रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त नर्सला पळवलं. बाटली परत बोलावून बाजूला काढली. मग यांना म्हणाल्या, “सांगितलंत ते बरं केलंत. पण सोमवारचं आता मी सांगू शकत नाही. या पोरीसाठीही दुसरी शोधावी लागेल.” यांनी मान खाली घातली. मी रडले. चांगलं वागल्याच्या समाधानानं वगैरे नाही, निव्वळ मरणाच्या भीतीनं रडले.

तेव्हा आत्याबाई उठल्या. “ते रक्त ओळखीच्या कोणाले जाणार होतं?” त्यांनी मला विचारलं.

“नाही.”

“अन् त्याच्यासाठी तुम्ही दोघायनं आपली बाटली घालवली?”

त्यांनी पिशवी उचलली, चपला घातल्या आणि निघून गेल्या. मला वाटलं, रागावून घरी गेल्या.

रविवारी सकाळी नऊला त्या परत आल्या. पुढे वसंता, त्याच्यामागे खानदानवाले चुलत सासरे आणि त्यांचा थोरला मुलगा. रानातून चुकार गुरं हाकून आणावीत तशी तिघांना हाकून आणलं होतं बाईनं. चुलत सासऱ्यांना वयामुळे घेतलं नाही, तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला. बाकी दोघांनी रक्त दिलं. दुसरी बाटली कशाला, असं नर्सनं विचारलं तर आत्याबाईंनी शेजारच्या खाटेकडे बोट दाखवलं. “तिले नाही लागत का?”

सोमवारी माझं ऑपरेशन झालं. गाठ नारळाएवढी निघाली. आठव्या दिवशी टाके काढले. माझ्या आधीच ती बुटीबोरीची पोर बाळाला घेऊन आपल्या पायांनी घरी गेली. तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

बायांनो, अंगावरून जास्त जात असेल तर लपवू नका, नवरा जर्मनीत असो की शेजारच्या खोलीत. आणि घरातली धडधाकट माणसं कोणी आजारी पडायच्या आधीच रक्तपेढीत पाठवा. मेश्रामबाईंचे आभार मी पुढे मानले. त्या म्हणाल्या, “त्यात काय एवढं?”

दीड महिन्यानं वसंताला बघायला पाहुणे आले, जरीपटका भागातले. मी लोडाला टेकून बसले होते. मुलीच्या वडिलांनी आडून आडून विचारलं, “पोराची तब्येत कशी काय? कोणी म्हणत होतं, दवाखान्यात…”

वसंता जमिनीकडे बघू लागला. आत्याबाईंनी चहाचा कप शांतपणे खाली ठेवला.

“रक्त देल्लं त्यानं,” त्या म्हणाल्या. “ज्याले लागलं त्याले.” मग पाहुण्यांकडे मान वळवली. “तुमच्या घरच्या कोणी देल्लं का?”

पाहुण्यांनी बशीत चहा ओतला. मी यांच्याकडे पाहिलं. ‘आमच्या जर्मनीत’ म्हणायची याहून चांगली संधी यांना कधी मिळाली नसती. पण हे आपल्या आईकडे बघत होते.