नियमाखालचं उदाहरण

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. आईला नाही, गटातल्या एकालाही नाही, आणि ज्याला सर्वांत आधी सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. तुम्हाला का सांगते आहे, तेही मला नीट माहीत नाही.

मी पत्रकांच्या घरात वाढले. बाबा युनियनचे. सभा जवळ आली की घरभर गठ्ठे, आणि घड्या घालायला मी. 'निषेध' हा शब्द मला 'निबंध'च्या आधी लिहिता येत होता. पत्रकाची भाषा अंगात भिनली की एक सवय लागते—प्रत्येक घटनेत तत्त्व शोधायचं, आणि प्रत्येक तत्त्वासाठी एक दोषी. दोषी नसेल तर पत्रक उभंच राहत नाही. ही सवय वाईट आहे असं मला वाटायचं का? नाही. मला तिचा अभिमान होता.

गंगापूर रोडवर एका क्लासच्या वरच्या खोलीत आम्ही पाचसहा जण रविवारी जमायचो. मराठीत लिहिणाऱ्यांसाठी एक एडिटर बनवत होतो—लिहा, दुरुस्त करा, साठवा, एवढंच करणारा साधा प्रोग्राम. फुकट, आणि कुणाच्याही मालकीचा नसलेला. छोट्या पत्रिका, संघटना यांचा अर्धा मजकूर अजून जुन्या फॉन्टमध्ये अडकून पडला होता. तो युनिकोडमध्ये आणणारा भाग माझा. लिहिलेलं आपोआप सेव्ह करणारा भाग भूषणचा. भूषण सटाण्याकडचा, नोकरी शोधत नाशकात आलेला.

अशा प्रोग्राममध्ये काही गोष्टी सगळ्यांच्या सामायिक असतात. आमच्याकडे त्यातली मुख्य होती 'चालू मजकूर'—या क्षणी कुठल्या मजकुरावर काम चाललं आहे, हे सांगणारी एकच खूण. प्रत्येक भाग तिच्यावर विसंबून, आणि कुणालाही ती बदलता यायची. म्हणून मी हट्टाने नियम केला: हात लावलात तर होती तशी परत ठेवा. काम मध्येच फसलं तरीही. फसलं तर विशेषच.

बाकीच्यांनी वाद घातला. भूषणला मात्र लगेच पटलं. त्याच्या गावात बंधाऱ्याचं पाणी पाळीने घेतात. "ज्यानं दार उघडलं त्यानंच लावायचं," तो म्हणाला. "पाट कोना बापना शे का, ताई?" सगळे हसले. "आला पाटकरी," कुणीतरी म्हणालं, आणि ते नाव त्याला चिकटलं.

मग सुरगाण्याहून एका गुरुजींचा फोन आला. त्यांची छोटी पत्रिका होती, नवा अंक आमच्या एडिटरमध्ये लिहून होत आला होता. "अख्खा अंक गेला ओ," ते म्हणाले. रागावून नाही—रागावले असते तर बरं झालं असतं. अंकाच्या फाइलमध्ये कुठल्याशा जुन्या लेखाचा तुटका तुकडा तेवढा उरला होता. तो तिथे कुणी लिहिला? सेव्ह करणाऱ्या भागाने. म्हणजे भूषणच्या. कुणालाच शंका आली नाही.

सामायिक गोष्टींचं हेच तर असतं—बिघडवतो एक, आणि दिसतं दुसऱ्याच्या दारात.

मी घरी जाऊन माझा भाग उघडला. का उघडला? बहुधा मला आधीच कळलं होतं. गुरुजींनी मध्येच एक जुना लेख युनिकोडमध्ये आणायला घेतला होता. त्यासाठी माझा कोड 'चालू मजकूर' तात्पुरता त्या लेखाकडे वळवायचा, आणि काम संपलं की पुन्हा जागेवर आणायचा. काम संपलं की. पण लेखात एक अनोळखी अक्षर आलं, काम अर्ध्यावर थांबलं, आणि परत आणणारी ओळ चाललीच नाही. खूण तशीच वळलेली राहिली. भूषणच्या कोडने तिच्यावर विश्वास ठेवला—ठेवायचाच होता, नियमच तसा होता—आणि समोर दिसला तो तुकडा अंकावर लिहून टाकला.

नियम माझा. मोडलाही मीच.

मी ती ओळ दुरुस्त केली. गटाला दिसणाऱ्या नोंदीत दुरुस्तीचं वर्णन लिहिलं: 'किरकोळ साफसफाई'.

पुढच्या रविवारी भूषण स्वतःच बोलला. आठवडाभर शोधूनही त्याला चूक सापडली नव्हती. "सेव्ह मीच करतो ना, म्हणजे चूक माझीच," तो म्हणाला. "आणि सापडत नाही म्हणजे मला कळतच नाही, ताई." बोलायची वेळ माझी होती. आणि मी बोलले, हो. "होतं असं. पण तत्त्व ते तत्त्व, भूषण." मी त्याला माफ केलं. सगळ्यांच्या देखत, मोठ्या मनाने.

इथे थांबले असते तर मी नुसती भित्री ठरले असते. मी थांबले नाही. आमच्या नियमांचं एक पान होतं, नव्याने येणाऱ्यांसाठी. त्या नियमाखाली मी हे उदाहरण लिहून घातलं—एका साथीदाराची बेफिकिरी, आणि डोंगरातल्या एका पत्रिकेचा हरवलेला अंक. छान लिहिलं होतं. बाबांच्या पत्रकांचा सगळा ठेका त्यात होता. दुसऱ्या गटांनीही ते पान उचललं. लोक मला म्हणाले, नियम असा समजवावा.

भूषण आणखी थोडे रविवार आला. कोड लिहायचा त्याने बंद केला होता. चहा सांगायचा, इतरांचं ऐकायचा. मग यायचाही बंद झाला.

मध्यंतरी एका लग्नासाठी सटाण्याला गेले तेव्हा तो भेटला. मामाच्या खत-बियाण्यांच्या दुकानात बसतो. बिल कॉम्प्युटरवर करतो, आणि प्रत्येक बिलानंतर स्क्रीन मामेबहिणीकडे वळवतो. "बघ गं, बरोबर शे का?" ती न बघताच मान हलवते. मला म्हणाला, "ताई, तुमचं ते पान अजून वाचतो मी. बरं झालं, लवकर कळलं. ते काम आपलं नव्हतंच." हसत म्हणाला. त्याने चहा मागवला. मी प्यायले. यंदा डाळिंबाचं कसं काय, असं विचारलं. तो बराच वेळ डाळिंबाबद्दल सांगत राहिला, आणि मी मान डोलावत राहिले. एक वाक्य पुरलं असतं. ते माझ्या तोंडात होतं, आणि मी ते गिळून बस पकडली.

भूषण हे त्याचं खरं नाव नाही. इथे मी ते बदललं आहे, म्हणजे हे कुणी वाचलं तरी तो दोषातून सुटत नाही. नियमांच्या पानावर मात्र मी त्याचं खरं नाव लिहिलं होतं, आडनावासकट. ते पान बदलायचा अधिकार फक्त माझ्याकडे आहे. नाव अजून तिथेच आहे.